फरकतात्या

जेऊर स्टेशनाबाहेरच्या टपरीवर सकाळी सात वाजता "आज आलं कमी पडलं का रं?" असं चहावाल्याला जे विचारत असतात, ते आमचे तात्या. चहावाला उत्तर देत नाही. मागच्या पावसाळ्यात त्यानं कप बदलले आणि दर तोच ठेवला. तात्यांनी जुना कप मागून घेतला, पाण्यानं काठोकाठ भरला आणि नव्यात ओतला. नवा कप भरून बशीत दोन घोट सांडले. "दोन घोट," तात्या एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही, भांडले नाहीत. पण गाडीला थांबलेली सगळी गिऱ्हाइकं आपापल्या कपात डोकावायला लागली. तेव्हापासून टपरीवर एक जुना कप तात्यांसाठी वेगळा विसळून ठेवलेला असतो.

नात्यानं ते माझ्या आईचे मावसभाऊ, म्हणजे मामा. पण अख्खं गाव तात्या म्हणतं म्हणून मीही तात्याच म्हणतो. पाठीमागं गाव त्यांना फरकतात्या म्हणतं, आणि ते त्यांना ठाऊक आहे. कुणी काहीही नवं केलं, की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "आधी किती व्हतं?" दुसरा, "मग फरक काय पडला?" शेजारच्या आक्कांनी गुडघ्याला कसलंसं जडीबुटीचं तेल लावायला घेतलं आणि चांगला गुण आला म्हणून चार बायकांना सांगितलं. तात्यांनी कुंपणावरून विचारलं, "तेलाच्या आधी किती पायऱ्या चढत व्हतीस?" आक्कांनी पायऱ्या कशाला मोजल्यात! "मग आता कशाच्या जिवावर सांगतीस?" आक्का अजून तेल लावतात, पण दार लोटून.

गावात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसलं, तेव्हा फीत कापायला मोठी माणसं आली होती. टाळ्या थांबायच्या आत मागून आवाज आला, "मागल्या जूनमधी जुलाबाचे पेशंट किती व्हते, कुणी लिहून ठिवलंय का?" कुणीच ठेवलं नव्हतं. पुढच्या कार्यक्रमाला तात्यांना बोलावलं नाही. ही मोठी चूक ठरली, कारण न बोलावता ते पहिल्या रांगेत येऊन बसले.

काकू चिडल्या की म्हणतात, "माझ्याशी लगीन करून काय फरक पडला त्ये इचारा की एकदा." तात्या गंभीरपणे सांगतात, "त्येचं मोजमाप हुईत न्हाई. आधीचा आकडाच न्हाई आपल्याकडं."

ही खोड त्यांना नोकरीनं लावली. १९७६ च्या सुमारास ते मलेरियाच्या फवारणीला हंगामी लागले. हिवतापाच्या इतिहासात ते साल लाजिरवाणं आहे. १९५८ मध्ये निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घरोघर डीडीटी मारून १९६५ पर्यंत देशातले रुग्ण लाखभरावर आणले, आणि आता संपलाच म्हणून सगळे सैलावले. १९७६ मध्ये तोच आकडा ६४ लाखांच्या वर गेला. जाणकार याची कारणं सांगताना डीडीटीचा तुटवडा सांगतात, औषधाला सरावलेले डास सांगतात. तात्यांचं निदान एका वाक्याचं आहे: "मोजायचा कटाळा आला."

पुढं ते बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी झाले. दर पंधरवड्याला घरोघर जायचं, कुणाला ताप येऊन गेला का विचारायचं, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, आणि दाराशेजारच्या चौकटीत तारीख टाकून सही करायची. आमच्या जुन्या घराच्या भिंतीवर त्यांच्या सह्या कितीतरी वर्षं होत्या. घर रंगवताना वडिलांनी ती चौकट तेवढी सोडायला लावली होती, का ते मला तेव्हा कळलं नाही.

एक गोष्ट तात्या फार कमी वेळा सांगतात. एका चैत्रात उन्हाच्या तडाख्यात त्यांनी शेवटच्या चौदा घरांच्या तारखा लिंबाखाली बसूनच वहीत टाकल्या. 'ताप नाही' असं चौदा वेळा लिहिलं. त्यातल्या एका घरात पोरगी तापानं फणफणली होती. "वाचली ती. लेकुरवाळी झाली. पर माझ्या वहीत तिला तापच न्हवता." एवढं बोलून ते विषय बदलतात, आणि बहुधा कपाच्या मापावर येतात.

तेव्हा आकडे कसे शिजतात हे त्यांना आतून ठाऊक आहे. मार्चअखेरीला कोणत्या रकान्याला उकळी फुटते, कुठली वही साहेबांपुढं ठेवायची आणि कुठली कपाटात, हे त्यांनी नोकरीत पाहिलंय. म्हणूनच कुणी गुळगुळीत टक्केवारी सांगितली की त्यांचा डावा डोळा बारीक होतो.

निवृत्तीनंतर माणसं कीर्तनाला जातात, तात्या मूल्यमापनाला लागले. पुण्याची एक संस्था आमच्या भागात पाहणीला आली. रेल्वेपलीकडची वस्ती, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठची मासेमारी करणाऱ्यांची पालं, ऊसतोडीला जाणारी घरं, अशा ठिकाणी बाळंतिणी आणि लहान मुलांसाठी एक कार्यक्रम चालणार होता. त्यात बायकांच्या बैठका, घरभेटी, हात धुणं, परसबाग आणि अंगणवाडीशी जोडून घेणं, असं सगळं एकत्र होतं. हे सगळं केल्यानं काही होतं का, ते तपासायचं होतं. तात्यांना स्थानिक पर्यवेक्षक नेमलं. पुण्याहून आलेल्या मॅडम तिशीच्या आतल्या, कष्टाळू, हातात टॅब. त्यांनी पहिल्या दिवशी 'बेसलाइन', म्हणजे आधीचं मोजमाप, हा शब्द समजावून सांगितला, तेव्हा तात्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. देवळात आपल्याच नावाची पाटी दिसावी तसा. "चाळीस वरसं मी इचारतोय की ह्येच! ह्येला विंग्रजीत नाव हाय म्हणून कुणी बोललं न्हाई."

मॅडम म्हणाल्या, हा गुंतागुंतीचा हस्तक्षेप आहे. तात्यांनी त्याच संध्याकाळी टपरीवर त्याचा अनुवाद केला. "गोळीचं सोपं असतंय. ताप व्हता, गोळी दिली, उतरला. हितं गोळी न्हाई. हितं सासू हाय. नळाला पाणी कितीला येतंय त्ये हाय. अंगणवाडीची चावी कुणाकडं हाय त्ये हाय. मुकादमानं उचल किती दिली त्ये हाय. ह्यातलं काय हललं म्हणून पोराचं वजन वाढलं, कसं सांगशील?" टपरीवर शांतता पसरली. मग चहावाला म्हणाला, "सासू." बराच वेळ त्यावरच चर्चा चालली.

चिठ्ठ्या टाकून निम्म्या वस्त्यांत कार्यक्रम घ्यायचा आणि निम्म्यांत नंतर, असं ठरलं होतं. म्हणजे दोन्हींची तुलना करता येते. दुसऱ्या गटातल्या बायकांनी तात्यांना गाठलं: "आमच्यात का न्हाई?" तात्या आठवडाभर चहा प्यायला त्या बाजूनं गेले नाहीत. नंतर वेगळीच पंचाईत झाली. तिकडच्या वस्तीतल्या बायकांनाही बैठकीतल्या सगळ्या गोष्टी पाठ! बाळाला लगेच आंघोळ घालायची नाही, पहिलं चिकाचं दूध पाजायचं, सगळं. मॅडमना घाम फुटला. एका गटातलं दुसऱ्या गटात झिरपणं याला त्यांच्या शास्त्रात दूषित होणं म्हणतात.

"दूषित कसलं वो," तात्या म्हणाले, "आपल्यात त्येला माहेर म्हणत्यात."

खरंच होतं. इकडची लेक तिकडं दिलेली, तिकडची सून इकडची भाची. पहिलं बाळंतपण तर माहेरीच. म्हणजे बाई एका गटातली, बाळ जन्मलं दुसऱ्या गटात, आणि सव्वा महिन्यानं पाळण्यासकट परत पहिल्या गटात. टॅब विचारतो, 'बाळ कोणत्या वस्तीचे?' आणि उत्तराला चौकट एकच. तात्यांनी मग आपली जुनी डायरी काढली. एका पानावर सासर, समोरच्या पानावर माहेर, मधे रेघ. मॅडमनी त्या पानांचे फोटो काढून पुण्याला पाठवले. तात्या म्हणतात, तिथं त्यावर मीटिंग झाली.

टॅबवर त्यांचा राग नाही, पण विश्वासही नाही. हात धुण्याची पाहणी करायची तर निरीक्षकानं घरात बसून बघायचं असतं. तात्यांनी मॅडमना बजावलं, "पाव्हणा आला की पोरंबी शहाणी वागत्यात." मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, बांगलादेशात हे तपासलंय. साबणाच्या वडीतच हालचाल टिपणारं बारीक यंत्र बसवलं, तर निरीक्षक घरात बसलेला असतो त्या दिवशी साबण नेहमीपेक्षा जास्त हलतो. तात्यांना ही गोष्ट इतकी आवडली की पुढचे दोन महिने गावात दुसरं काही ऐकायला मिळालं नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा, आग्रह करणाऱ्याकडं बघत, "साबण हलतोय," असं म्हणायचे. नव्या पाहुण्यांना काही कळत नसे.

संडासाच्या बाबतीत मात्र त्यांची पद्धत स्वतःची आहे. गाडगेबाबांच्या नावानं २००० साली ग्रामस्वच्छता अभियान निघालं तेव्हापासून त्यांनी शेकडो संडास मोजलेत. पाहणीवाले भांडं बघतात, दार बघतात, फोटो काढतात. तात्या आधी आत वर बघतात, कोळ्याचं जाळं आहे का. मग कोपऱ्यात बघतात, गोवऱ्या, सरपण, कडबा. मग बाहेर येऊन दारापर्यंतची वाट बघतात. वाट मळलेली असेल तर बाकी काही विचारत नाहीत, फॉर्मवर बरोबरची खूण करतात. मळलेली नसेल तर घरधन्याला म्हणतात, "गोवऱ्या लई झोकात ठिवल्यात."

आता थोडं माझ्याविषयी, कारण या माणसाच्या तावडीतून मीही सुटलो नाही. दोन वर्षांपूर्वी मी सकाळी फुगवट्याच्या दिशेनं चालायला सुरुवात केली. तिसऱ्याच दिवशी तात्यांनी मला केळीच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर उभं केलं. आमच्याकडं केळी फार, काटा दणकट आणि खरा. चौऱ्याऐंशी किलो. तात्यांनी डायरीत लिहिलं, आणि माझ्या धाकट्या भावालाही धरून आणून उभं केलं. तो दिवसभर दुकानात बसून असतो, त्याला वाटलं काहीतरी वाटप आहे. तीन महिन्यांनी पुन्हा दोघं काट्यावर. माझं वजन अर्धा किलो उतरलं होतं. मी खूश. भावाचं एक किलो उतरलं होतं. "म्हंजी चालल्यानं अर्धा किलो वाढलं," तात्या म्हणाले. भावाला त्या उन्हाळ्यात कावीळ झाली होती, हे मी ओरडून सांगितलं. "त्येबी लिहितो," म्हणाले, आणि लिहिलं. हमालांच्या देखत.

पण या माणसाला नुसता खवचट म्हणणं बरोबर नाही. 'फरक नाही' असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला ते फार मान देतात. मॅडमनी त्यांना एकदा दोन अभ्यास सांगितले. झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी गावांत एकजुट संस्थेनं बायकांचे गट बांधले, बैठका घेतल्या. तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू जवळपास तिसऱ्या हिश्शानं कमी निघाले. २०१० मध्ये ते छापून आलं. तशाच बैठका मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत, ४८ वस्त्या घेऊन करून पाहिल्या, तर तिथं मृत्यू कमी झालेले दिसलेच नाहीत, आणि तेही २०१२ मध्ये छापलं. ऐकून मला वाईट वाटलं. तात्या मात्र मांडीवर थाप मारून म्हणाले, "मुंबईवाल्यांचं पाय धरले पायजेत. येवढं राबून 'न्हाई पडला फरक' म्हणून सही करायची!" मग विचारात पडले. मुंबईत दवाखाना हाकेवर, शेजार रोज बदलता, बाईला बैठकीला यायचं तर मजुरी बुडते. बियाणं तेच, पण रान वेगळं. ज्वारी बार्शीला जशी येते तशी कोकणात येईल का, असं स्वतःलाच विचारत घरी गेले.

जामखेड हे त्यांचं पंढरपूर. आमच्या करमाळ्याहून तासा-दीड तासाच्या वाटेवर. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं आले आणि गावातल्याच, बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. तिथल्या गावांत तेव्हा हजार जन्मांमागं १७६ बाळं वर्षाच्या आत जात. हा १७६ चा आकडा तात्या तुकोबाच्या अभंगासारखा सांगतात, कारण आरोळ्यांनी आधी मोजलं! पुढं चाळीस वर्षांनी, २०१० मध्ये, त्या गावांची आसपासच्या गावांशी तुलना करणारा अभ्यास आला. महिना ओलांडलेल्या लहान मुलांचे मृत्यू आरोळ्यांच्या प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्के कमी निघाले. मी म्हणालो, एवढ्या मोठ्या कामाला तीसच टक्के? तात्या उसळले. "शेजारच्या गावानं चाळीस वरसं डोळं मिटून ठिवलं व्हतं काय? त्यांनीबी बघून बघून शिकलंच असंल की. माहेर!"

उलट कुणी आकड्यांवरून सरकारला उगीच झोडपायला लागलं तरी ते मधे पडतात. राज्यातल्या खुज्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं ते २०१२ च्या पाहणीत २३ वर आलं, आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत ३४ च्या वर निघालं, म्हणजे सगळा बनाव, असं एक गृहस्थ टपरीवर हात हलवून सांगत होते. तात्यांनी कप खाली ठेवला. "आधीचं दोन आकडं दोन वरसाखालच्या पोरांचं. नंतरचा पाच वरसाखालच्या. आंबा आणि कैरी एका पाटीत मोजताय व्हय?" गृहस्थांची गाडी आली, बरं झालं.

त्यांचा खरा वैरी म्हणजे टॅबमधला एक पर्याय: 'घर बंद'. तीनदा जाऊन घर बंद दिसलं की तो दाबायचा, आणि ते घर हिशेबातून जातं. दसरा झाला की आमच्या वस्त्यांतली निम्मी दारं कुलूपबंद होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल घेतलेली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, शेळी आणि पोरं घालून जोडपी कारखान्यांकडं निघतात. फडाशेजारी कोपी घालून चार-पाच महिने काढतात. आणि ज्यांचं मोजायला म्हणून आपण निघालो, तीच पोरं नेमकी त्या ट्रॉलीत असतात. "घर बंद म्हंजी काय?" तात्या विचारतात. "माणसं हवेत गेली का? कुठंतरी जेवत असतीलच की." मॅडमनाही हे कळत होतं. पण त्यांना मार्चअखेर पुण्याला आकडे द्यायचे होते, आणि मार्चअखेरीची तारीख कुणासाठी थांबत नाही. यादीत एकवीस पोरांपुढं 'घर बंद' पडलं. फाइल बंद झाली. मॅडम निरोपाला आल्या, काकूंनी त्यांना शेंगाची चटणी बांधून दिली, तात्यांनी जुनी डायरी दाखवून "ही माझ्यापाशीच ऱ्हाऊ द्या," म्हणून सांगितलं.

कारखान्यांचा हंगाम संपला, पट्टा पडला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री वस्तीत ट्रॅक्टर आला. मी तात्यांबरोबर होतो, कारण त्यांच्या गाडीचा दिवा गेलेला आणि माझी टॉर्च चांगली. ट्रॉलीतून आधी शेळी उतरली, मग पत्र्याची पेटी, मग अंगावर उसाच्या पाचटाचे चरे असलेली एक बाई, कडेवर दोन वर्षांचं पोरगं. तात्यांनी तिला चार घटका बसू दिलं, पाणी पिऊ दिलं. मग खिशातून दंडघेराची पट्टी काढली. ही पट्टी मी पूर्वी कधी जवळून पाहिली नव्हती. साधी प्लॅस्टिकची, वीतभर लांब, लाल-पिवळी-हिरवी. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबाराच्या वर हिरवी, मधे पिवळी. पोराचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोब्बर मध्यावर, पट्टी ना घट्ट ना ढिली. पोरगं झोपेत होतं. हात इतका हलका होता की तात्यांनी तो आपल्या दोन बोटांवर तोलून धरला होता. तीनदा मोजलं. मी टॉर्च धरली होती.

"किती?" बाईनं विचारलं.

"अकरा पूर्णांक नऊ."

"आन् जाताना किती व्हतं?"

माझ्या हातातली टॉर्च हलली. तात्यांनी डायरी उघडली, दसऱ्याच्या आधीचं पान काढलं, बोट फिरवलं. "अकरा पूर्णांक आठ."

"मग पडला का फरक?"

तात्या त्या दोन आकड्यांकडं बघत राहिले. एका रेघेचा फरक. पट्टी जरा ओढली गेली असेल, तेवढाच. त्यांनी पेन्सिल कानावरून काढली, पुन्हा ठेवली. "आत्ता सांगता यायचं न्हाई," ते म्हणाले. "अंधार हाय. पोरगं झोपेत हाय. सकाळी येतो, दूध पिऊन झाल्यावर परत बघू."

दुसऱ्या दिवशी सात वाजता टपरीवर गेलो तेव्हा जुना कप पालथाच होता.